टपावर कॅरिअर आणि तंबू बसवायचाय, पण वजनाचं गणित जुळत नाहीये

पायवाट
मंडळी, मदत हवी आहे. गाडी लॅडर फ्रेमवरची (खाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा असलेली) फोर बाय फोर, टपाला कंपनीतूनच आलेले उंच रेल आहेत. त्यावर ॲल्युमिनियमचं सपाट प्लॅटफॉर्म कॅरिअर आणि वर दोघांचा घडीचा तंबू असा बेत आहे. कॅरिअर २८ किलो, तंबू ६२ किलो. गाडीच्या पुस्तिकेत टपाची मर्यादा ७५ किलो छापली आहे. म्हणजे अजून गादीसुद्धा वर गेली नाही आणि १५ किलो जास्तच.

तंबू विकणारा म्हणतो, "वर दोन माणसं झोपणार, तेव्हा ७५ कसले धरून बसलात?" त्याचंही खोटं म्हणवत नाही, कारण आम्ही दोघं मिळूनच दीडशेच्या घरात आहोत. मग हा ७५ चा आकडा नेमका कशाचा? कॅरिअरचं वजन त्यात धरायचं की सोडायचं? आणि आधी काय घ्यायचं, कॅरिअर की तंबू?

फोरलो
पायवाटराव, पुस्तिकेतला आकडा गाडी चालत असतानाचा असतो. गाडी उभी असताना टप किती पेलेल हा वेगळा आकडा, आणि बऱ्याच कंपन्या तो छापतच नाहीत. ज्या छापतात त्यांच्याकडे बघितलं की फरक कळतो. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरला चालताना १६८ किलोपर्यंत आणि उभी असताना ३०० किलो असं दिलंय. उलट सुझुकीच्या जिम्नीला चालताना फक्त ३० किलो. दोन्ही गाड्या चिखलात घालण्यासाठीच बनलेल्या, पण टपाच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक.

उभ्या गाडीवर वजन सरळ खाली खांबांमधून फ्रेमवर उतरतं. चालत्या गाडीत तेच वजन दर खड्ड्याला उसळतं. खराब वाटेवर एखादा दणका दोन-तीन जीचा (म्हणजे वजनाच्या दुप्पट-तिप्पट) सहज बसतो, म्हणजे तुमचे ९० किलो त्या क्षणी १८० ते २७० किलो होऊन कॅरिअर टपाला धरणाऱ्या पायांना ओढतात. जोरात ब्रेक मारला की साठ-सत्तर किलोचा रेटा पुढच्या दिशेला, तोही टपाच्या वर एका वितीवरून. त्यामुळे "माणसं झोपतात तर चालायला काय हरकत" हे विकणाऱ्याचं गणितच चुकीच्या खात्यात मांडलंय.

कॅरिअरचं वजन त्या ७५ मध्ये धरायचं. क्रॉसबार (टपावरच्या आडव्या दांड्या), पाय, तंबू, तंबूत घडी करून ठेवलेलं अंथरूण, बाजूला लावलेली छत्री, सगळंच.

आता कडू भाग. हा आकडा डांबरी रस्त्याचा आहे. ऱ्हायनो-रॅकसारखे कॅरिअर बनवणारे ऑफरोडसाठी त्याला १.५ ने भागायला सांगतात. ७५ भागिले १.५ म्हणजे ५०. तुमच्यासाठी खरा आकडा तो आहे.

आणि गाडीची मर्यादा, कॅरिअरची मर्यादा, रेलची मर्यादा यांत जी सगळ्यात कमी तीच तुमची. कॅरिअरच्या खोक्यावर १५० किलो लिहिलं म्हणून टपाला काही जास्तीचं बळ येत नाही.

उलटसुलट
इतकं काय घाबरवता हो नवीन माणसाला? शेकड्याने लोक असे तंबू लावून फिरतात. पूर्व जर्मनीत तर १९७०-८० च्या दशकांत ट्राबांटवर तंबू लावून लोक सुट्टीला जायचे. २६ अश्वशक्तीची, सहाशे किलोच्या आसपासची गाडी ती! आणि इटलीत ऑटोहोम कंपनीचा माज्जोलिना हा टपावरचा तंबू १९५८ पासून आहे. तेव्हा कुणी एकने भाग नि दीडने भाग केलं नव्हतं.

नटबोल्ट
ट्राबांटच्या टपाला दोन्ही कडांनी पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ होती, कॅरिअर त्या पन्हळीत बसायचं. आणि त्या गाड्या दगडांवरून चढवत कुणी नेत नव्हतं. रेलवाल्या आजच्या गाडीशी तुलना नको.

"काही होत नाही" म्हणणाऱ्यांची गाडी माझ्याकडे येते तेव्हा काय दिसतं ते सांगतो. रेलचा पाय जिथे टपाला टेकतो तिथे रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. प्लॅस्टिकची टोपी काढली की बोल्टच्या डोक्याभोवती काळपट राखाडी भुकटी. ती धूळ समजून लोक पुसून टाकतात. बोटावर घेऊन चोळा, मातीसारखी खरखरीत लागत नाही, पेन्सिलच्या शिशासारखी गुळगुळीत पसरते. ते ॲल्युमिनियम आहे. जोड हलतोय, घासतोय आणि स्वतःलाच खातोय. पुढची पायरी म्हणजे भोक लांबट होणं, मग आतल्या अस्तरावर पाण्याचा डाग. टप कोसळत नाही, तंबू उडत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही.

पायवाट, तुम्ही आधी एक करा. रेलच्या पायांवरच्या टोप्या उचकटून बघा. खाली जाड पत्र्याची पट्टी आहे की बोल्ट सरळ टपाच्या पातळ पत्र्यात गेलाय? काही गाड्यांचे रेल निव्वळ शोभेचे असतात. हाताने हलवून पाहायला जाऊ नका, शोभेचा रेलही हाताला भक्कमच वाटतो. पुस्तिकेत रेलवर वजनाची परवानगी स्पष्ट लिहिलेली असली तरच ते कामाचे.

पायवाट
टोपी काढून बघितली. आत जाड पट्टी आहे आणि बोल्ट त्यातल्या वेल्ड केलेल्या नटात गेलाय. भुकटी नाही. पुस्तिकेत रेलचा उल्लेखही आहे, तीच ७५ ची मर्यादा.

नटबोल्टदादा, पाय वाढवले तर? म्हणजे चारऐवजी सहा पाय, किंवा ते टपाच्या लांबीभर पट्टी बसवतात तसलं काही?

नटबोल्ट
पाय वाढवल्याने वजन वाटलं जातं, दर पायाखालचा पत्रा कमी थकतो. चांगलंच आहे ते. पण गाडीच्या कंपनीने दिलेली मर्यादा त्याने वाढत नाही. पाय बनवणाऱ्याला खांबांची, वेल्डची ताकद बदलता येत नाही.

पकडीचे प्रकार थोडक्यात. सगळ्यात भरवशाची जुनी पन्हळ. जुन्या लँड क्रूझर, जुन्या डिफेंडरला आहे. पन्हळ बाजूच्या भिंतीच्या बरोबर वर असते आणि पाय हवे तितके लावता येतात. त्याखालोखाल कारखान्यातूनच ठेवलेले ठराविक आट्यांचे नट, टपाच्या पट्टीखाली झाकलेले असतात. तिथे लांबीभर पट्टी बसवून त्यावर कॅरिअर घेतलं तर फार छान बसतं. मग उंच रेल. शेवटी दरवाज्याच्या फटीत अडकणारे हुक. ते सायकलसाठी ठीक, तंबूसाठी मी लावून देत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

टपाला भोक पाडून पट्टी बसवणारेही आहेत. करायचंच असेल तर भोकाच्या कडेचा उघडा पत्रा प्रायमरने झाकल्याशिवाय पुढे जायचं नाही, रिव्हनटखाली (पातळ पत्र्यात रिव्हेटसारखा बसणारा आट्यांचा नट) पॉलियुरेथेन सीलंट भरायचं, आणि आतलं अस्तर उतरवण्याआधी बॅटरी काढून थांबायचं, कारण टपाच्या कडेने पडदा एअरबॅग गेलेली असते. ड्रिल तिच्यात घुसलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तुमच्या गाडीला रेल आहेत, तेव्हा या भानगडीत पडूच नका.

सांधेदुखी
लोखंडी पाइपचं कॅरिअर वेल्ड करून घेतलं तर? मजबुतीला तोड नाही.

नटबोल्ट
मजबुतीचा प्रश्नच नाहीये काका, प्रश्न वजनाचा आहे. २५ बाय २५ चा दीड-पावणेदोन मिलिमीटरचा चौकोनी पाइप मीटरला सव्वा किलोच्या आसपास भरतो. दोन मीटर बाय सव्वा मीटरचा सांगाडा, आडव्या सात-आठ पट्ट्या, कठडा, पाय असं धरा, तीस किलोच्या पुढे जातं. बाकी काय उरलं? पन्नासच्या हिशेबात वीस.

फोरलो
वजनाबद्दल बोललो, पण ते किती उंचीवर आहे हा भाग राहिला, आणि मला विचाराल तर ऑफरोडला तोच जास्त महत्त्वाचा.

ढोबळ हिशेब करू. गाडी २००० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर, दोन चाकांमधलं अंतर १५६ सेंटीमीटर. टपावर दोन मीटर उंचीला १०० किलो ठेवले. नवा गुरुत्वमध्य ७६ सेंटीमीटरवर जातो. सहा सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. आता बाजूला कलण्याची कागदावरची मर्यादा काढा: आधी ४८ अंश, आता पावणेशेहेचाळीसच्या आसपास. टायर दबतात, स्प्रिंगा बसतात, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, आणि वरचं वजन जितकं जास्त तितकी गाडी कलंडण्याच्या बाजूला जास्त झुकते. म्हणजे नुकसान दुहेरी.

पण मुख्य त्रास या उभ्या कोनात नाही, हलण्यात आहे. आडव्या उतारावरून जाताना वरच्या बाजूचं चाक दगडावर चढतं आणि लगेच खालचं खड्ड्यात पडतं. टप झोक्यासारखा एका बाजूला फेकला जातो आणि तंबू नेमका त्या झोक्याच्या टोकाला. रिकाम्या गाडीने ज्या वाटेने तुम्ही निवांत जात होता तीच वाट तंबू लावल्यावर वेगळी लागते. म्हणून बसवल्यावर पहिल्यांदा ओळखीच्या, सोप्या वाटेवर जा, अगदी हळू, आणि गाडी किती झुकते ते अंगाला कळू द्या.

पाणी, इंधनाचे कॅन, हत्यारं, विंच, जॅक खाली, शक्यतो दोन ॲक्सलच्या मधे. कॅरिअरवर जागा दिसली की लोक कॅन चढवतात. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, हे गाडी कलंडायला लागली की आठवतं. तसंच तंबूसाठी म्हणून लगेच गाडी दोन इंच उचलू नका. कडक स्प्रिंग आणि चांगले शॉक समजू शकतो, उंची नाही.

आणि गाडीचं एकूण वजन विसरू नका. माणसं, सामान, टाकी भरून इंधन, बुलबार, तंबू हे सगळं मिळून गाडीला परवानगी असलेल्या एकूण वजनाच्या आत हवं. टपाची मर्यादा पाळली म्हणजे ही पाळली गेली असं होत नाही.

सांधेदुखी
हे सगळं वाचून वाटतंय, खाली जमिनीवर पाच-सात किलोचा तंबू टाकून झोपावं. खोटं नाही सांगत.

भटकभवानी
काका, ते वाटणं चुकीचं नाही. 😄 मी दोन्ही वापरते. टपावरच्या तंबूचा खरा फायदा काय, तर ओली, दगडधोंड्यांची जमीन असली तरी सपाट गादी मिळते आणि पाच-दहा मिनिटांत अंथरूण तयार. तोटा असा की तंबू लावला की गाडी अडकली. दोन दिवस एकाच जागी राहून रोज गाडीने इकडेतिकडे जायचं असेल तर जमिनीवरचाच बरा. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्यांनीही शिडीचा विचार करूनच घ्या.

पायवाट, तुमचा घडीचा तंबू म्हणजे अर्धा भाग टपाबाहेर उघडणारा ना? मग त्या अर्ध्या भागाचं वजन शिडी पेलते. शिडी फक्त चढायला आहे असं समजू नका. ती मऊ मातीत रुतली तर फरशी वाकते, म्हणून पायांखाली फळी टाका. कोन साधारण ७० ते ७५ अंशांचा हवा, त्यापेक्षा आडवी पडली तर मधून लचकते, अगदी उभी असली तर उतरताना पाय चुकतो. शिडीच्या कड्या दोन्ही बाजूंना नीट अडकल्यात का ते हाताने चाचपून मगच वर जा.

गाडी सपाट उभी करणं ही एक कला आहे. फोनवरचं लेव्हल तंबूच्या फरशीवर ठेवायचं, डॅशबोर्डवर नाही. डोकं वरच्या बाजूला ठेवून थोडा उतार चालतो, आडवा उतार अजिबात नाही, रात्रभर एकमेकांवर घरंगळत राहाल. चाकाखाली लेव्हलिंगचे ठोकळे घातले तर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावा, आणि बाकीच्या चाकांना उटी.

ओलाव्याचं कुणी बोललं नाही म्हणून बोलते. थंडीत दोन माणसांच्या श्वासाने गादीच्या खालच्या बाजूला पाणी साचतं, कारण अंगाची ऊब वरून आणि थंड फरशी खालून. गादीखाली हवा खेळती राहील अशी जाळी टाका. आणि कितीही थंडी असली तरी समोरासमोरच्या दोन खिडक्यांच्या वरच्या फटी उघड्या ठेवा. शेगडी किंवा कोळसा तंबूत न्यायचा नाही, उबेला नाही, चहाला तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नवा कॅनव्हास असेल तर पहिल्यांदा उघडून पूर्ण भिजवा आणि वाळू द्या, शिवणीतली सुईची भोकं धागा फुगल्यावर बंद होतात. ओला तंबू घडी घालून आणावा लागतोच कधी कधी, पण परतल्यावर एक-दोन दिवसांत उघडून वाळवला नाही तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पूर्ण कधीच जात नाहीत. वीज कडाडायला लागली तर मात्र तंबूत थांबायचं नाही, खाली उतरून गाडीत, काचा बंद करून बसायचं.

उलटसुलट
बरं, वजनाचं मान्य. पण मग कठीण कवचाचा तंबू घ्या की. वाऱ्याला कमी अडतो, उघडायला एक मिनिट, दोन लॅच काढले की गॅसच्या स्ट्रटने वर.

फोरलो
कवचाचे बहुतेक तंबू घडीच्या तंबूपेक्षा जड असतात, साठ-नव्वदच्या पट्ट्यात. पायवाटरावांचा प्रश्न तिथे अजून अवघड होतो.

वाऱ्याचं म्हणाल तर पातळ कवच नक्कीच बरं. सव्वा मीटर रुंद, तीस सेंटीमीटर उंच घडी सरळ वाऱ्यात धरली तर ताशी १०० किलोमीटरला साधारण १७-१८ किलोचा रेटा येतो. त्याला ढकलायला जवळपास पाच किलोवॉट लागतात. ८० वर आलात तर रेटा बाराच्या खाली जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. पुढे तिरका पत्रा लावला की आवाज आणि रेटा दोन्ही कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत. इंधन जास्त लागणार हे धरूनच चला. आणि लॅचवर विसंबू नका. कवचाभोवती एक जादा पट्टा हवाच, कारण कवचाच्या पुढच्या फटीतून वारा शिरला तर झाकण तो स्वतःच उचलायला बघतो.

पायवाट
आता चित्र स्पष्ट झालं. ६२ किलोचा तंबू बाद. प्लॅटफॉर्मही बाद. दोन मजबूत क्रॉसबार साडेसहा किलोचे आणि ४२ किलोचा लहान तंबू असं बसतंय, पन्नासच्या आत. दोघांना जरा दाटीवाटीचं होईल, पण चालेल.

उभ्या गाडीचा आकडा माझ्या पुस्तिकेत नाही, म्हणून कंपनीला लेखी विचारलंय. उत्तर आल्याशिवाय पैसे देत नाही.

दोन प्रश्न उरले. बोल्ट कसे आवळायचे? आणि तंबू पुढे-मागे कुठे ठेवायचा? आमची डिकी वरच्या बाजूला उघडते.

नटबोल्ट
दोन बारमधलं अंतर तंबूवाल्याने सांगितलेलं हवं. जवळजवळ आणू नका, तंबूची फरशी मधे-पुढे लोंबते.

बोल्ट बहुधा ८ मिलिमीटरचे असतील. ८.८ ग्रेडचा असा बोल्ट पोलादात पंचवीस न्यूटन-मीटरच्या आसपास घेतो, पण ॲल्युमिनियमच्या खाचेतल्या नटाला तेवढं दिलं तर खाचेचे ओठ फाकतात. म्हणून बारच्या कागदात जो टॉर्क दिलाय तोच, आणि टॉर्क पान्यानेच. इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट गनने फिरवला की आटे एकमेकांना चिकटतात, मग कापण्यावाचून मार्ग नाही.

रुंद वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा). उघडलेला नायलॉक परत वापरायचा नाही. जिथे नायलॉक बसत नाही तिथे मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद. ग्रीस आणि थ्रेडलॉक एकाच बोल्टला नको. आवळून झालं की नटावरून बारवर रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना लावून बघायची गरज नाही. पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा तपासा, मग प्रत्येक खराब वाटेनंतर.

चढवताना चार माणसं घ्या. दोघांनी चढवायला गेलं की टपाला ओरखडा ठरलेला, कंबरेचं वेगळं.

भटकभवानी
डिकीचं असं करा. तंबूच्या घडीच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं कापा, क्रॉसबारवर दोरीने बांधा आणि डिकी सावकाश उघडा. कुठे अडते ते लगेच दिसेल. बऱ्याच गाड्यांत डिकीची वरची कड उघडताना टपाच्या पातळीवर येऊन पुढे सरकते, तेव्हा मागे हातभर जागा लागते. शार्क फिनचा अँटेना आणि सनरूफही त्याच वेळी बघून घ्या. पण डिकी वाचवायला तंबू इतका पुढे नेऊ नका की काचेवर लोंबेल, वारा खालून शिरतो.

बिजागरी कुठल्या बाजूला ठेवायची हे शिडी कुठे हवी त्यावर ठरवा. मागे उघडला तर शिडी डिकीसमोर येते आणि डिकी उघडता येत नाही, सामान आधीच बाहेर काढावं लागतं. बाजूला उघडला तर खाली सावलीची जागा मिळते, पण अरुंद जागेत गाडी लावताना त्या बाजूला शिडी धरून दोन-अडीच मीटर तरी मोकळं पाहिजे.

सगळं बसल्यावर जमिनीपासून सर्वांत वरच्या टोकापर्यंत टेपने मोजा, टायरमध्ये नेहमीची हवा भरून. तो आकडा कागदावर लिहून स्टेअरिंगसमोर चिकटवा. तळघरातल्या पार्किंगचा आडवा दांडा तुमच्यासाठी थांबणार नाही.